प्रबोधनकालीन इटलीतील चित्रकार आणि आश्रयदाते

साधारण १४०० ते १५७५ या काळातील इटलीत मोठे चित्र आधी ठरे आणि मग रंगे. घरातल्या प्रार्थनेसाठी मेरी-बाळाची लहान चित्रे तयार मिळत. पण वेदीवरचे फलकचित्र, चर्चमधील भिंती किंवा राजवाड्यातले दालन ही कामे मागणीवाचून कोणी हाती घेत नसे. मागणी करणारा कधी सावकार असे, कधी मठ, कधी धर्मबंधूंची मंडळी, तर कधी सरदार किंवा पोप. या व्यवहाराचे करारनामे, हिशेबवह्या आणि मध्यस्थांची पत्रे फ्लॉरेन्स, सिएना, मँतुआ अशा शहरांच्या दफ्तरांत टिकून आहेत. चित्रकार लहरी आणि आश्रयदाता उद्धट, असे या नात्याचे वर्णन नेहमी केले जाते. कागदपत्रे वाचली तर बहुतेक तंटे चारच प्रश्नांवरचे दिसतात : माल कोणता वापरायचा, हात कोणाचा, मुदत किती आणि अखेरची किंमत ठरवायची कोणी.

करारनामा

नमुना म्हणून दोमेनिको गिर्लांदायोचा २३ ऑक्टोबर १४८५ चा करार घेता येईल. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाचे (ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती) प्रमुख फ्रांचेस्को तेसोरी यांनी ‘मागी राजांचे वंदन’ (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे राजे) हे वेदीचित्र त्याला सांगितले; करार दोघांच्या विनंतीवरून फ्रा बेर्नार्दो या साधूने लिहिला. कागदावर काढून दिलेल्या आराखड्याबरहुकूम सगळे चित्र त्याने स्वतःच्या हाताने रंगवायचे, रंग व सोने स्वखर्चाने घालायचे, निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन (फ्लॉरेन्सचे सोन्याचे नाणे) किमतीचा अल्ट्रामरीनच असला पाहिजे आणि चित्र ३० महिन्यांत पोचते करायचे, अशी कलमे त्यात आहेत. मोबदला ११५ मोठे फ्लोरिन. तो दरमहा ३ फ्लोरिनच्या हप्त्याने. म्हणजे मुदत भरेपर्यंत ९० फ्लोरिन हाती पडणार आणि २५ मागे राहणार. उशीर झाला तर १५ फ्लोरिन दंड, आणि आश्रयदात्याने हप्ते चुकवले तर त्यालाही जबाबदारी होती.

खरी मेख पुढे आहे. चित्र ११५ फ्लोरिनांच्या योग्यतेचे वाटले नाही, तर फ्रा बेर्नार्दोंनी हव्या त्या जाणकाराचे मत घ्यावे आणि स्वतःला योग्य वाटेल तेवढी रक्कम कमी करावी, असे करार म्हणतो. चित्रकाराने अडीच वर्षे काम करायचे आणि शेवटचा आकडा दुसऱ्याच्या मर्जीवर सोडायचा. तरी अशी अट त्या काळी अपमानाची मानली जात नसे. फ्रा आंजेलिकोच्या १४३३ च्या करारात तर उलट आहे : कापड-व्यापाऱ्यांच्या संघाने त्याला १९० फ्लोरिन ठरवले, ‘किंवा त्याच्या सदसद्विवेकाला योग्य वाटेल तितके कमी’. तो मठवासी होता, म्हणून किंमत उतरवण्याचा अधिकार त्याच्याकडेच दिला.

गिर्लांदायोच्या चित्रावर १४८८ हे साल आहे. ‘सगळे स्वतःच्या हाताने’ असे कलम असूनही चित्राखालच्या पट्टीतले लहान प्रसंग बार्तोलोमेओ दी जोव्हान्नी या दुसऱ्या चित्रकाराने रंगवले, आणि तेही अनाथालयाशी ठरवूनच. करारातला शब्द आणि कार्यशाळेतली रीत यांतले अंतर दोन्ही पक्षांना ठाऊक असे.

निळा रंग आणि सोने

करारांत निळ्या रंगाचा भाव लिहिण्याचे कारण व्यावहारिक आहे. अल्ट्रामरीन हा राजावर्त (लाजवर्द) या दगडापासून निघे. दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून व्हेनिसमार्गे येई. (अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला निळाही राजावर्ताचाच आहे.) दगड नुसता कुटला तर करडी भुकटी हाती येते. चित्रकलेच्या कृतींचे पुस्तक लिहिणाऱ्या चेन्नीनो चेन्नीनीने दिलेली कृती अशी : एक पौंड राजावर्ताच्या वस्त्रगाळ पुडीला ६ औंस पाइनची राळ, ३ औंस रुमी मस्तकी आणि ३ औंस नवे मेण वितळवून त्यात पूड मिसळायची. तो गोळा निदान तीन दिवस-तीन रात्री रोज मळत ठेवायचा, मग राखेच्या कोमट खारपाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचे. निळे कण पाण्यात उतरतात, माती आणि इतर खनिजे गोळ्यात अडकून राहतात. पहिल्या दोन पाण्यांतला रंग सर्वांत गडद. त्याची किंमत चेन्नीनी औंसाला ८ डुकाट (हेही सोन्याचे नाणे) सांगतो. शेवटची पाणी जवळजवळ राखेच्या लायकीची.

म्हणून करारात नुसते ‘अल्ट्रामरीन’ लिहून भागत नसे. कितव्या पाण्याचा, हे भावावरूनच बांधावे लागे. स्वस्तातला पर्याय अझुराइट, म्हणजे ‘जर्मन निळा’. तो ताजा असताना फसवतो, पण काही ठिकाणी पुढे हिरवट पडतो. एम्पोलीतल्या भित्तिचित्रांसाठी १४०८ मध्ये गेरार्दो स्तार्नीनाशी झालेल्या करारात मेरीच्या आकृतीसाठी औंसाला २ फ्लोरिनचा आणि बाकी चित्रासाठी १ फ्लोरिनचा निळा ठरला होता. फ्लॉरेन्सजवळच्या जेसुआती मठातले साधू हा रंग उत्तम बनवत. चित्रकार पेरुजीनो तिथली भिंत रंगवत असताना मठप्रमुख निळ्याच्या पिशवीवर नजर ठेवून बसे, अशी हकिकत चित्रकारांची चरित्रे लिहिणारा व्हासारी देतो. पेरुजीनो कुंचला वारंवार पाण्यात धुई. तळाशी साचलेला निळा त्याने शेवटी परत केला आणि भल्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकवले. हकिकत रंगवलेली असू शकेल, संशय मात्र त्या धंद्यातला खराच होता.

कोणाचा हात

कार्यशाळेत उस्तादाखाली शागीर्द आणि पगारी मदतनीस असत. जिप्सम आणि सरसाचा लेप देणे, वर्ख बसवणे, रंग घोटणे, पार्श्वभूमी भरणे ही कामे त्यांची. गिऱ्हाईक मात्र उस्तादाच्या नावाचे पैसे मोजत असे. पिएरो देल्ला फ्रांचेस्काला सानसेपोल्क्रोच्या मिसेरिकोर्दिया मंडळाने ११ जून १४४५ रोजी १५० फ्लोरिनांचे काम दिले, तेव्हा पिएरोशिवाय कोणीही कुंचला लावू नये अशी अट घातली. लाकूड तडकले किंवा रंगाने दगा दिला तर दहा वर्षांपर्यंत दुरुस्ती त्याच्या खर्चाने, हेही ठरले. मुदत तीन वर्षांची होती. चित्र पुरे व्हायला पंधराहून अधिक वर्षे लागली, आणि कडेच्या काही आकृतींत दुसरा हात स्पष्ट दिसतो.

पुढच्या पिढीतली कलमे अधिक शहाणी आहेत, कारण ती पाळता येण्याजोगी आहेत. लूका सिन्योरेल्लीने ओर्व्हिएतोच्या कॅथीड्रलात १४९९ मध्ये छताचे काम घेतले. त्यात चेहरे आणि कमरेवरचा भाग त्याने स्वतः काढायचा, आणि तो हजर नसताना रंगकाम चालवायचे नाही असे ठरले. पिंतुरिक्योने १५०२ मध्ये सिएनातल्या पिक्कोलोमिनी ग्रंथालयासाठी १,००० डुकाटांवर करार केला. सर्व आराखडे आणि ओल्या गिलाव्यावरचे सगळे चेहरे त्याच्या हातचे असावेत, इतकेच त्याच्यावर बांधले. कार्डिनल पिक्कोलोमिनी काय विकत घेत होता हे इथे नेमके कळते : रचना आणि मुद्रा. निळ्या-सोन्याच्या तोळामाशापेक्षा हाताला किंमत येत गेली, आणि या नात्यातला सर्वांत महत्त्वाचा बदल मी-मी म्हणणाऱ्या सिद्धांतांत शोधण्यापेक्षा अशा कलमांत शोधावा.

दरबारी चाकरी

सरदाराच्या पदरी राहणाऱ्या चित्रकाराला कामागणिक करार करावा लागत नसे. लुदोव्हीको गोंझागाने १४५८ मध्ये मांतेन्याला मँतुआला बोलावताना दरमहा १५ डुकाट, राहायला घर, सहा माणसांना पुरेल इतके धान्य आणि जळण देऊ केले. मांतेन्या १४६० मध्ये गेला आणि १५०६ मध्ये मरेपर्यंत त्या घराण्याचाच राहिला. पगार मात्र थकत असे आणि बाहेरचे काम घ्यायला परवानगी लागे.

सगळीकडे इतका मान नव्हता. फेर्रारात बोर्सो द एस्तेने स्किफानोया राजवाड्याच्या भिंती रंगवून घेतल्या त्या चौरस फुटाला १० बोलोन्यीनो (एक लहान नाणे) या दराने. फ्रांचेस्को देल कोस्साने २५ मार्च १४७० रोजी ड्यूकला पत्र लिहिले : आपले नाव झालेले आहे, आपण सोने आणि चांगले रंग पदरचे घातले आहेत, तरी फेर्रारातल्या सामान्यातल्या सामान्य शागिर्दाइतकाच दर मिळतो. ठरला तो दर घेऊन समाधान मानावे, असा शेरा ड्यूकने मारला. कोस्सा बोलोन्याला निघून गेला. त्याने रंगवलेले मार्च, एप्रिल आणि मे हे महिने आज त्या दालनाचे वैभव आहेत.

इझाबेल्ला द एस्ते

मँतुआची मार्केझा (तिथल्या सरदाराची पत्नी) इझाबेल्ला (१४७४–१५३९) ही या विषयातली सर्वांत बोलकी व्यक्ती, कारण तिची पत्रे हजारोंनी उरली आहेत. आपल्या अभ्यासिकेत (स्तूदियोलो) इटलीतल्या प्रत्येक नामांकित चित्रकाराचे एक चित्र असावे, ही तिची इच्छा. अभ्यासिकेत मांतेन्याची चित्रे आधी होतीच. नवी त्यांच्या शेजारी शोभली पाहिजेत.

पेरुजीनोशी १९ जानेवारी १५०३ रोजी १०० डुकाटांचा करार झाला. विषय ‘प्रेम आणि शील यांचे युद्ध’. तो मँतुआचा विद्वान पारीदे दा चेरेसारा याने रचला होता. कुठली देवता कुठे, कोणाच्या हाती धनुष्य, कोणाचे बाण मोडलेले, झाड कोणते, त्यावर घुबड कुठे बसवायचे, इथवर मजकूर लिहून पाठवला होता. आकृती जास्त वाटल्या तर काही गाळाव्यात. स्वतःचे काही घालू नये. आकृत्यांचे माप जुळावे म्हणून दोराही पाठवला. तरीही गडबड झालीच. पेरुजीनोने व्हीनस विवस्त्र काढल्याचे कळताच, एका आकृतीच्या बदलाने साऱ्या कथेचा अर्थ बिघडतो, अशी तक्रार मँतुआहून गेली. चित्र १५०५ मध्ये आले तेव्हा इझाबेल्लाने लिहिले की ते अधिक काळजीने पुरे केले असते तर मांतेन्याच्या नितळ चित्रांशेजारी अधिक शोभले असते, आणि ते तैलरंगात हवे होते. टेंपेरा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग) पेरुजीनोने निवडला होता तो मांतेन्याशी जुळावे म्हणून! चित्र आज लूव्हरमध्ये आहे. पेरुजीनोसारख्या मऊ, मोकळ्या अवकाशाच्या चित्रकाराकडून दाटीवाटीची रूपककथा मागितली, यात दोष त्याच्या हाताचा कमी आणि निवडीचा जास्त.

व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लीनीने हा फास गळ्यात पडू दिला नाही. त्याने २५ डुकाट विसार घेतला आणि वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. मांतेन्या हा त्याचा मेहुणा, आणि कथाचित्रात त्याच्याशी तुलना त्याला नको होती. इझाबेल्लाने शेवटी ख्रिस्तजन्माचे चित्र ५० डुकाटांत मान्य केले. त्यात तिला बाप्तिस्ता योहान हवा होता; जन्मप्रसंगी तो अस्थानी ठरेल, असे बेल्लीनीने कळवले. विसार परत मिळवण्यासाठी तिने कायद्याची धमकी दिली, तेव्हा १५०४ मध्ये चित्र पोचले. त्यानंतर कवी पिएत्रो बेम्बोने १५०६ च्या आरंभी तिला समजावले, की बेल्लीनीला बारीकसारीक सूचना आवडत नाहीत. चित्रात आपल्या मनाप्रमाणे विहार करण्याची त्याला सवय आहे. लिओनार्दोने तर तिचे एक रेखाचित्र काढून दिले (ते लूव्हरमध्ये आहे) आणि रंगीत चित्र कधीच दिले नाही. तो भूमितीत गुंतला असून कुंचला हातात घेणे त्याला सोसत नाही, असे फ्रा पिएत्रो दा नोव्हेल्लाराने १५०१ मध्ये तिला कळवले.

मुदत, दंड आणि तंटे

दंडाचे कलम प्रत्यक्षात फारसे वसूल होत नसे. अर्धवट रंगवलेला फलक काढून दुसऱ्याला देणे महाग पडे आणि दिलेला विसार बुडे. लिओनार्दोने १४८१ मध्ये सान दोनातो आ स्कोपेतोच्या मठासाठी ‘मागी राजांचे वंदन’ घेतले आणि अर्धवट टाकून मिलान गाठले. मठाला त्याऐवजी फिलिप्पीनो लिप्पीचे चित्र मिळाले ते १४९६ मध्ये. फिलिप्पीनोही काही वक्तशीर नव्हता : फिलिप्पो स्त्रोत्सीच्या सांता मारिया नोव्हेल्लातील प्रार्थनालयाचा करार १४८७ चा. पुढच्याच वर्षी तो कार्डिनल काराफाच्या कामासाठी रोमला गेला, १४९१ मध्ये स्त्रोत्सी वारला, आणि भिंती पुऱ्या झाल्या १५०२ मध्ये.

सर्वांत लांबलेला तंटा ‘खडकांमधली मेरी’ या चित्राचा. मिलानच्या निष्कलंक गर्भधारणा मंडळाने २५ एप्रिल १४८३ रोजी लिओनार्दो आणि दे प्रेदीस बंधूंना ८०० लिरांचे काम दिले. ८ डिसेंबरच्या सणापर्यंत ते हवे होते. खर्चच ८०० लिरांवर गेला, असे चित्रकारांचे म्हणणे पडले. त्यांनी वर १०० डुकाट मागितले, मंडळाने २५ देऊ केले. प्रकरण १५०८ मध्ये मिटेपर्यंत चित्राच्या दोन आवृत्त्या झाल्या होत्या : एक लूव्हरमध्ये, दुसरी लंडनच्या नॅशनल गॅलरीत.

सोळाव्या शतकातील बदल

मायकेलअँजेलोच्या वेळेपासून काही मोजक्या चित्रकारांपुरता तोल फिरला. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन प्रार्थनालयाच्या छतासाठी पोप दुसऱ्या ज्यूलियसची पहिली योजना बारा प्रेषितांची होती. ती कंगाल दिसेल असे आपण सांगितले आणि पोपने हवे ते काढण्याची मोकळीक दिली, असे मायकेलअँजेलोने पुढे एका पत्रात लिहिले. त्याने १० मे १५०८ रोजी ५०० डुकाट उचलल्याची नोंद आहे. छत १५१२ च्या अखेरीस खुले झाले. आन्योलो दोनीच्या गोल चित्राची गोष्ट व्हासारी सांगतो : ७० डुकाटांच्या चित्राला दोनीने ४० पाठवले, मायकेलअँजेलोने १०० मागितले, दोनी ७० ला तयार झाला तेव्हा त्याने १४० वसूल केले.

तिशियनला स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पुराणकथांच्या चित्रांसाठी रचना ठरवण्याचे जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य दिले. इझाबेल्लाच्या दोऱ्यांची आणि घुबडांची तिथे गरज नव्हती. पैसे मात्र मिलानच्या खजिन्यावर लावून दिलेले असत आणि तिथले अधिकारी ते वर्षानुवर्षे सोडत नसत. म्हातारपणी, १५७४ मध्ये, तिशियनने गेल्या २५ वर्षांत पाठवलेल्या आणि मोबदला न मिळालेल्या चित्रांची यादी राजाच्या सचिवाकडे धाडली.