वाकळेतलं मांजर आणि आपला कोरोना

2021 च्या मे महिन्यात आमच्या खानापूरच्या घरी आत्याला कोरोना झाला. तिला माडीवरच्या खोलीत ठेवलं, जेवणाचं ताट दाराबाहेर. त्या वर्षी कर्नाटकाच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाकडे आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते. आमच्या मनी मांजरीला अडवणारं मात्र कोणी नव्हतं. कौलाखालच्या फटीतून ती खोलीत शिरायची आणि आत्याच्या वाकळेत, अगदी हनुवटीखाली, मुटकुळं करून झोपायची. चार-पाच दिवसांनी ती शिंकायला लागली, डोळ्यांतून पाणी. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "वैनी, सोडून या की तिला शेताकडं. घरभर रोग करंल."

आईनं सोडलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं. मनीची तपासणी झाली नाही, मांजराला साधी सर्दीही अशीच होते. पण समजा कोरोनाच असेल, तर तो घरात मनीनं आणलेला नव्हता. आपणच तिला दिलेला होता.

कोरोनाचा विषाणू आपल्या पेशीवरच्या एसीई-2 नावाच्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो. मांजराचं एसीई-2 आपल्याशी बरंच जुळतं. कोंबडी आणि डुकराला हा विषाणू द्यायचा प्रयत्न चीनमधल्या हार्बिनच्या संशोधकांनी 2020 मध्येच करून पाहिला, त्यांना लागण झाली नाही. कुत्र्याला थोडी झाली, मांजराला सहज. मांजर उंदीर खातं म्हणून रोग आणतं, असंही गल्लीत बोललं जायचं. पण सुरुवातीच्या विषाणूला उंदराच्या पेशीत नीट शिरताच येत नव्हतं.

त्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात तीन मांजरांना विषाणू दिला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाजवळ एकेक निरोगी मांजर ठेवलं. आठवड्याच्या आत तिन्ही निरोगी मांजरांना लागण झाली. आजारी मात्र एकही दिसलं नाही. घरातल्या मांजरांचंही बहुतेक वेळा असंच होतं: थोड्या शिंका, एखाद दिवस खाणं कमी, नाहीतर काहीच नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचं निरीक्षण. मालकाच्या अंथरुणात झोपणाऱ्या मांजरांना लागण होण्याची शक्यता जास्त आढळली. कुत्र्यांत तसं दिसलं नाही. म्हणजे मनीला धोका होता तो त्या वाकळेतच, आत्याच्या श्वासासमोर.

उलट्या दिशेनं, मांजराकडून माणसाला? तेही घडलंय, पण फार क्वचित. 2021 मध्ये थायलंडमध्ये एका बाधित मालकाच्या मांजराच्या नाकातला नमुना घेताना ते पशुवैद्य बाईंच्या तोंडावर शिंकलं. मास्क होता, हातमोजे होते, डोळे उघडे होते. काही दिवसांनी त्यांना कोरोना झाला आणि मांजराच्या व त्यांच्या विषाणूची जनुकीय रचना जुळली. जगभर कोट्यवधी माणसांना झाला तो मात्र माणसाकडूनच.

आणखी एक घोळ नेहमी होतो. मांजरांचा स्वतःचा एक जुना कोरोना विषाणू आहे. तो बहुतेकदा पोटाचा त्रास देतो आणि काही मांजरांत बदलून एफआयपी हा जीवघेणा आजार करतो. तो माणसाला होत नाही. जनावरांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'कोरोना पॉझिटिव्ह' वाचून घाबरण्याआधी कुठला कोरोना ते विचारावं.

घरात कोणाला ताप-खोकला असेल, तर मांजराचं दूध-भाकरी दुसऱ्यानं बघावं. दुसरं कोणी नसेल तर मास्क लावून, हात धुऊन द्यावं. चार दिवस जवळ झोपू देऊ नये, उष्टं देऊ नये. मांजराला मास्क बांधू नये. आणि सॅनिटायझरनं पुसू तर अजिबात नये: ते दिवसभर अंग चाटतं, लावलेलं सगळं पोटात जातं. आमच्या शेजारी एकांनी फडकं भिजवून तयार ठेवलं होतं. आईनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, कौलाखालची फट पोत्यानं बुजवली आणि मनीची ताटली खाली चुलीजवळ मांडली.