तेनोच्तित्लानच्या पाडावाआधीची मिठाची कोंडी

13 ऑगस्ट 1521 रोजी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजचे मेक्सिको शहर) पडली. स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस पाचशेच्या आसपास माणसे आणि 16 घोडे घेऊन आला आणि त्याने अ‍ॅझ्टेक साम्राज्य बुडवले, अशी गोष्ट आपण ऐकत आलो. आकडे बरोबर आहेत, पण ते 1519 साली किनाऱ्यावर उतरतानाचे. शेवटच्या वेढ्यात त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत स्पॅनिश थोडेच होते. बाकी हजारो योद्धे तिथल्याच मातीतले. ते का लढले, हे कळायला सुमारे शतकभर मागे जावे लागते.

अ‍ॅझ्टेक म्हणजे मुख्यतः मेशिका लोक. उत्तरेकडून भटकत आलेल्या या जमातीला मेक्सिकोच्या खोऱ्यात कोणी थारा दिला नाही. परंपरेनुसार 1325 साली त्यांनी तेश्कोको सरोवरातल्या दलदलीच्या बेटावर बस्तान बसवले; तेच तेनोच्तित्लान. शेतीला जमीन नव्हती, तेव्हा पाण्यातच ती तयार करायची. उथळ जागी खुंट ठोकायचे, त्यांना फांद्यांचे कूड विणायचे आणि आत गाळ नि पाणवनस्पतींचे थर चढवत न्यायचे. कडेने वाळुंजाच्या जातीची झाडे लावली की मुळे माती धरून ठेवत. वाफ्यांमधल्या कालव्यांतून होड्या फिरत आणि शहरातला मैलाही खत म्हणून येई. या चिनांपांना ‘तरंगत्या बागा’ म्हणतात ते पर्यटकांसाठी. ते वाफे तळाला पक्के टेकलेले असत. वर्षाला एकाहून अधिक पिके निघत, त्यांवर शहर पोसले गेले. पुढे शेजारच्याच त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजारांवर माणसे देवघेव करतात, असे कोर्तेसने आपल्या राजाला लिहिले.

सुरुवातीला मेशिका स्वतःच अस्कापोत्साल्को या शेजारच्या बलाढ्य शहराचे मांडलिक होते. 1428 साली त्यांनी तेश्कोको आणि त्लाकोपान या शहरांशी युती करून ते जोखड झुगारले. ही तीन शहरांची युती म्हणजेच अ‍ॅझ्टेक साम्राज्य. जिंकलेल्या मुलखात स्थानिक राजा गादीवर राहायचा, देवही तेच राहायचे, फक्त खंडणी वेळेवर पोचली पाहिजे. कापसाच्या चादरी, कोकोच्या बिया, रंगीत पिसे, योद्ध्यांचे पोशाख, मका. काही प्रांतांना दर 80 दिवसांनी भरणा करावा लागे. अशा राज्याला जिव्हाळा कुठून मिळणार? वसुली करणारा धाकात ठेवू शकतो तोवरच ते टिकते.

नरबळीचाही इथे संबंध आहे, कारण बळी बहुधा युद्धकैदी असत. 1487 साली मुख्य मंदिराच्या सोहळ्यात चार दिवसांत 80 हजारांवर माणसे मारली, हा नंतरच्या लिखाणातला आकडा अशक्य कोटीतला आहे. प्रथा मात्र खरी होती आणि शेजाऱ्यांनी ती भोगली होती.

पूर्वेकडचे त्लाश्काला हे राज्य त्यातलेच. ते जिंकले गेले नाही, पण चहूबाजूंनी कोंडले गेले. समुद्राकडची वाट शत्रूच्या ताब्यात, त्यामुळे कापूस नाही, कोको नाही, मीठही नाही. कित्येक वर्षे त्लाश्कालाचे लोक अळणी जेवत होते.

कोर्तेसने ही चीड फार लवकर हेरली, आणि ती हेरायला त्याच्याजवळ माणूस होते. ताबास्कोच्या लढाईनंतर नजराणा म्हणून मिळालेल्या वीस स्त्रियांपैकी मालिन्त्सिनला मेशिकांची नाहुआत्ल आणि माया दोन्ही भाषा येत. माया लोकांत राहिलेला एक स्पॅनिश कोर्तेसला आधीच सापडला होता. ती नाहुआत्लचे मायात आणि तो मायाचे स्पॅनिशमध्ये करी. पुढे ती स्पॅनिशही शिकली.

अ‍ॅझ्टेकांना खंडणी देणाऱ्या, किनाऱ्याकडच्या तोतोनाक लोकांच्या गावात अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमाचे पाच वसुली अधिकारी आले, तेव्हा कोर्तेसने गावकऱ्यांकरवी त्यांना बांधायला लावले. रात्री त्यांतल्या दोघांना गुपचूप सोडून ‘तुमच्या राजाला सांगा, मी त्याचा मित्र आहे’ असा निरोपही दिला. गावकऱ्यांना आता माघार नव्हती. कपटाचा इतका नेमका नमुना क्वचितच सापडतो.

त्लाश्कालाने आधी त्याच्याशी जोरदार लढाया केल्या, मग सप्टेंबर 1519 मध्ये तह केला. त्यांना घरभेदी म्हणणे मला पटत नाही. घरच एक नव्हते. मेशिका त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी होते आणि नवा पाहुणा त्यांना उपयोगी वाटला.

8 नोव्हेंबर 1519 रोजी कोर्तेस राजधानीत शिरला आणि काही दिवसांतच त्याने मोक्तेसुमाला कैद केले. पुढच्या मे महिन्यात त्याचा सरदार पेद्रो दे आल्व्हारादोने तोश्कात्ल सणात नाचणाऱ्यांची कत्तल केली आणि शहर पेटले. 30 जूनच्या रात्री स्पॅनिश फौज मार खाऊन बाहेर पडली. तिला आसरा दिला त्लाश्कालाने. 13 जहाजांचे भाग तिथेच घडवले गेले, हमालांनी ते डोंगर ओलांडून सरोवरापर्यंत वाहून नेले.

दरम्यान देवीची साथ राजधानीत घुसली. मोक्तेसुमानंतरचा राजा कुइत्लावाक जेमतेम 80 दिवस राज्य करून तिला बळी पडला. त्यानंतरच्या कुआउतेमोकला मिळाले रोगाने पोखरलेले शहर. वेढा घालणाऱ्यांनी चापुल्तेपेकहून येणारा पाण्याचा नळही तोडला.

जिंकल्यावर त्लाश्कालाला काही सवलती मिळाल्या: स्वतःचे नगरमंडळ, 1535 साली मानचिन्ह, स्पॅनिश सरदारांच्या वेठीतून सूट. पण देवीने, 1545 आणि 1576 च्या साथींनी तिथेही माणसे नेली, आणि मक्याचा कर चुकला नाही. 1591 साली उत्तरेच्या धगधगत्या सरहद्दीवर वसाहत करायला राजसत्तेने त्यांच्यातली 400 कुटुंबे मागितली. त्यांनी ती दिली, मात्र आधी अटी लिहून घेतल्या: करमाफी, घोड्यावर बसण्याची मुभा आणि आपल्या वस्तीत स्पॅनिशांना घरे बांधायला बंदी.