गेममध्ये अडकलेल्यांनी वसवलेलं शहर: 'लॉग होरायझन'ची पार्श्वभूमी

'एल्डर टेल' हा वीस वर्षं चाललेला ऑनलाइन गेम. त्याचा बारावा विस्तार खुला होतो त्या रात्री जपानमधले साधारण तीस हजार खेळाडू डोळे उघडतात ते थेट गेमच्या आत. लॉग आउट करायची सोय नाही. मेलं तर शहरातल्या मंदिरात पुन्हा जाग येते, म्हणजे मरूनही सुटका नाही. इथून 'लॉग होरायझन' ही कादंबरीमालिका सुरू होते. मामारे तोउनो या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने ती २०१० मध्ये 'शोसेत्सुका नि नारो' या जपानी संकेतस्थळावर क्रमशः लिहायला घेतली. २०११ पासून एंटरब्रेनने ती पुस्तकरूपात आणली, काझुहिरो हारा यांच्या चित्रांसह. २०१३ मध्ये जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीवर तिचं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, सुरू झालं.

माणसं गेममध्ये अडकण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. तोउनोंनी त्यातून काढलेला प्रश्न मात्र नवा होता. अशा कथांत बहुतेकांची धडपड बाहेर पडण्यासाठी चाललेली असते. इथला नायक शिरोए, चष्मा लावणारा, अभियांत्रिकीचं उच्च शिक्षण घेणारा तरुण, आधी आजूबाजूला बघतो. या शहरात कायदा कोणाचा? नवख्यांना कोण सांभाळणार? ज्यांना मरणाची भीतीच उरली नाही, अशा माणसांना गुन्ह्यापासून रोखायचं कसं? हे प्रश्न लेखकाला अचानक सुचलेले नाहीत. त्यांच्यामागे बरीच वर्षं साचत आलेलं काहीतरी आहे.

त्यातलं सगळ्यात आधीचं म्हणजे खुद्द ऑनलाइन गेमचा अनुभव. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांच्या हातून 'मड' हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, निव्वळ मजकुरावर चालणारा गेम उभा राहिला. पण हजारो अनोळखी माणसं एकाच जगात एकत्र आली की काय होतं, हे ठळकपणे दिसलं १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये. राक्षसांपेक्षा माणसांचाच ताप जास्त, हे तिथे फार लवकर कळलं. नवख्याला वाटेत गाठायचं, मारायचं आणि त्याचं सामान घेऊन पसार व्हायचं, हा काहींचा उद्योगच झाला. अखेर २००० मध्ये गेम चालवणाऱ्यांनी त्या जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत खेळाडूंना एकमेकांना मारायची मुभा, दुसरीत मनाई. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असा तांत्रिक उपायाने सोडवला गेला. शिरोएच्या वाट्याला हा उपाय येत नाही, कारण त्याच्या जगात असं काही करून देणारी कंपनीच उरलेली नाही.

१९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला आणि २००२ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर 'फायनल फँटसी इलेव्हन'. या गेममध्ये एकट्यादुकट्याचं काही चालत नसे. मोठा राक्षस पाडायचा तर मोठी तुकडी जमवावी लागे, वेळ ठरवावी लागे, कोणी पुढे राहून मार खायचा आणि कोणी मागून जखमा भरायच्या हे आधी वाटून घ्यावं लागे. मिळालेली लूट वाटताना भांडणं होत, माणसं रुसून गिल्ड, म्हणजे खेळाडूंनी बांधलेला संघ, सोडून जात. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण ज्यांनी रात्र रात्र जागून अशा मोहिमा, गेमरांच्या भाषेत रेड, चालवल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की त्यातली निम्मी मेहनत माणसं सांभाळण्याची असते.

'लॉग होरायझन'मध्ये हा अनुभव अगदी तपशिलात उतरला आहे. सहाजणांची पार्टी, म्हणजे लहान तुकडी, चोवीस जणांची रेड, शहाण्णव जणांची त्याहून मोठी मोहीम. खेळाडूंचे वर्ग, म्हणजे लढाईतल्या भूमिका, बारा: तीन योद्ध्यांचे, तीन शस्त्राने घाव घालणाऱ्यांचे, तीन जखमा भरणाऱ्यांचे, तीन जादूगारांचे. त्यातला शिरोएचा वर्ग एन्चँटर. स्वतः मारण्यात हा वर्ग अगदी दुबळा. त्याचं काम शत्रूला जखडून ठेवायचं, सोबत्यांची शक्ती भरून काढायची आणि पुढच्या मिनिटाला कोणाला काय लागेल हे आधीच ओळखायचं. 'एव्हरक्वेस्ट'मध्येही या नावाचा आणि जवळपास याच कामाचा वर्ग होता. जपानी काल्पनिकांचा नायक म्हटला की हातात तलवार आलीच. तोउनोंनी नायकपद दिलं ते इतरांच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या माणसाला, आणि पुढचं सगळं कथानक या निवडीतून निघालं असं मला ठामपणे वाटतं.

अडकण्याच्या कथांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. आभासी जगाचा गेम आणि खरं आयुष्य यांची सरमिसळ होण्याची भीती जपानी वाचकांना ओकाजिमा फुतारी या लेखकद्वयाच्या १९८९ च्या 'क्लाइन नो त्सुबो' या कादंबरीत भेटली होती. २००२ मध्ये टीव्हीवर आलेल्या 'डॉट हॅक साइन'मध्ये त्सुकासा या खेळाडूला 'द वर्ल्ड' नावाच्या गेममधून लॉग आउटच करता येत नाही. कथा संथ आणि उदास, बरीचशी गप्पांतून पुढे सरकणारी. त्याच सुमारास रेकी कावाहारा यांनी 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' एका स्पर्धेसाठी लिहिली, पण ती पानांच्या मर्यादेत बसेना, म्हणून स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली. पुस्तक निघालं २००९ मध्ये आणि २०१२ च्या ॲनिमेने ती जगभर पोचवली. तिथे दहा हजार खेळाडू अडकतात आणि गेममध्ये मेलेला माणूस खरोखर मरतो. शंभर मजले चढून जायचं, शेवटच्या शत्रूला हरवायचं, मग सुटका. उद्दिष्ट इतकं स्वच्छ असल्यामुळेच ती कथा वाचकावरची पकड सोडत नाही.

तोउनोंनी मरणाचा धाक काढून टाकला. वरवर पाहता त्यातला थरारच गेला. पण धाक गेल्यावर उरतो तो रिकामा वेळ, आणि गोष्टीची खरी सुरुवात तिथे आहे. लोक रस्त्याच्या कडेला नुसते बसून राहतात. करायला काही नाही, परत जायची वाट नाही, उपाशी मरायचीही सोय नाही. (मरणाचीही एक किंमत आहे, हे पुढे उलगडतं. प्रत्येक मृत्यूबरोबर जुन्या आयुष्यातली थोडी थोडी आठवण पुसली जाते.)

हे वळण समजायला तोउनोंच्या आधीच्या लेखनाकडे जावं लागतं. २००९ मध्ये त्यांनी 'निचानेरू' या जपानी चर्चापटावर 'माओयू' नावाची कथा टाकली होती. वर्णन जवळजवळ नाहीच, नाटकासारखे नुसते संवाद. वीर योद्धा राक्षसांच्या राणीला मारायला तिच्या महालात पोचतो आणि राणी त्याला हिशेब समजावू लागते. युद्ध थांबलं तर कोणाचा धंदा बुडेल, किती लोक उपाशी राहतील, युद्धावर कोणाकोणाची पोटं चालतात. मग दोघं मिळून बटाट्याची लागवड, आलटून पालटून पिकं घेणं, शिक्षण अशा गोष्टींमागे लागतात. गेममधल्या ठरावीक साहसकथेला अर्थशास्त्राचे प्रश्न विचारणारा हा लेखक. त्याच लेखकाने वर्षभरात ऑनलाइन गेमकडे वळून पाहिलं, तेव्हा त्याला तिथे बाजार, कर आणि करारमदार दिसले यात नवल नाही.

'शोसेत्सुका नि नारो' या संकेतस्थळाचाही यात वाटा आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी कोणीही कादंबरी टाकावी, कोणीही फुकट वाचावी. प्रकरणं जसजशी येतात तसतसे वाचक पुढे सरकतात, त्यामुळे लेखकाला छोट्या छोट्या गोष्टींवर रेंगाळायला मुभा मिळते. दुसऱ्या जगात जाऊन पोचलेल्या नायकांच्या कथांचा पुढे तिथे असा पूर आला की २०१६ मध्ये त्यांच्यासाठी क्रमवारी वेगळी काढावी लागली. 'लॉग होरायझन' त्या पुराच्या सुरुवातीची आहे. नंतरच्या कित्येक कथांत गेमचे नियम उरले आणि गेम खेळणारी माणसं गळून गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बर्गरची गोष्ट, कारण मालिकेचा जीव त्यात आहे. या जगात खाणं मेन्यूतून तयार होतं. सामग्री निवडायची, बटण दाबायचं, ताटात पदार्थ हजर. दिसायला झकास, पण चव कशालाच नाही. भाजलेलं मांस असो की गोड पदार्थ, तोंडात गेल्यावर सगळं दमट, मऊ पडलेल्या तांदळाच्या बिस्किटासारखं. महिनाभर असं खाऊन लोक मनाने खचतात. शिरोए आणि त्याचे सोबती सुसुकिनो शहरात अडकलेल्या सेरारा या मुलीला सोडवायला उत्तरेला जातात. तिथे त्यांचा जुना मित्र न्यांता भेटतो, मांजराच्या चेहऱ्याचा, सगळ्यांत वडीलधारा. परतीच्या वाटेवर तो शेकोटी पेटवून हाताने मांस भाजतो, आणि पहिल्या घासाला सगळे गप्प होतात, कारण त्याला चव आहे. उकल साधी आहे. स्वयंपाकाचं कौशल्य अंगी असलेल्या माणसाने मेन्यूला हात न लावता स्वतः रांधलं तरच चव उतरते.

हे गुपित घेऊन शिरोए अकिबाला परततो. अकिबा म्हणजे तोक्योतलं अकिहाबारा. युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांच्या टपऱ्यांतून वाढलेली, पुढे संगणक आणि गेमची पंढरी झालेली ही पेठ कथेत पडक्या इमारतींची आणि त्यांतून वर आलेल्या झाडांची आहे. तिथे 'क्रेसेंट मून' हा छोटा गिल्ड बर्गरचा ठेला लावतो आणि रांगा लागतात. उत्पादन करणारे तीन मोठे गिल्ड हे पाहून खडबडून जागे होतात. त्यांच्याकडून भांडवल उभं करून शिरोए पन्नास लाख सोन्याची नाणी जमवतो आणि शहरातलं गिल्डचं मध्यवर्ती सभागृहच विकत घेतो. आता तिथे कोणाला आत येऊ द्यायचं हे त्याच्या हाती, म्हणजे गिल्डची तिजोरी, नोंदणी, सगळं त्याच्या हाती. एवढं झाल्यावर तो बड्या गिल्डच्या प्रमुखांना एका टेबलाभोवती बसवतो.

त्याच काळात 'हॅमलिन' नावाचा गिल्ड आधार देण्याच्या नावाखाली नवख्या, बहुतेक अल्पवयीन खेळाडूंना डांबून ठेवत होता. नवख्यांना रोज मिळणारी, अनुभव वाढवणारी औषधाची बाटली काढून घ्यायची आणि मोठ्या लढाऊ गिल्डांना विकायची. मिनोरी आणि तोया ही जुळी भावंडं त्यातच सापडलेली. कुणाचा खून नाही, नियमभंग नाही, कारण मोडायला नियमच नाही. शिरोएला हेच बदलायचं असतं. त्या बैठकीतून अकरा गिल्डांची गोलमेज परिषद जन्माला येते आणि शहराला पहिले कायदे मिळतात. सभागृह विकत घेऊन सगळ्यांच्या नाड्या आवळणं ही दांडगाईच होती, आणि कथा तीही लपवत नाही. शिरोएच्या मनात ती खुपत राहते. लोकशाहीची सुरुवात कधीकधी अशा संशयास्पद हातांनी होते हे मान्य करणाऱ्या कुमारवयीन मुलांच्या मालिका मी फार पाहिलेल्या नाहीत.

पुढे कथेचा परीघ वाढतो. गेममध्ये पूर्वी ठरावीक वाक्यं बोलणारी पात्रं आता खरी माणसं झालेली असतात. त्यांना स्वतःचे राजे, इतिहास, संशय आहेत, आणि मेली की ती पुन्हा उठत नाहीत. खेळाडू आपल्याच शहराच्या उभारणीत गुंगलेले असताना डोंगरात गॉब्लिन या खुज्या राक्षसांची फौज वाढत राहते, कारण एरवी खेळाडू ठरलेल्या वेळी जाऊन त्यांचा राजा मारत असत आणि या खेपेला ते विसरून गेले. गेममधला एक नेहमीचा कार्यक्रम चुकला, त्याची किंमत ज्यांना एकच आयुष्य आहे त्या गावकऱ्यांनी मोजायची. संपूर्ण मालिकेत मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच.

ॲनिमेचं पहिलं पर्व सॅटेलाइट स्टुडिओने केलं, दिग्दर्शक शिंजी इशिहिरा. ऑक्टोबर २०१३ ते मार्च २०१४, पंचवीस भाग. २०१४ मध्येच टेबलावर फासे टाकून खेळायच्या रूपातही 'लॉग होरायझन' बाजारात आली. दुसरं पर्व स्टुडिओ दीनकडे गेलं, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५, पुन्हा पंचवीस भाग. ते संपताच, २०१५ मध्ये, तोउनो यांचं करचुकवेगिरीचं प्रकरण समोर आलं आणि ते दोषी ठरले. तिसऱ्या पर्वासाठी प्रेक्षकांना जवळपास सहा वर्षं थांबावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये येणारं हे पर्व कोरोनामुळे पुढे गेलं आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये बारा भागांत दाखवलं गेलं. त्याचं उपशीर्षकच गोलमेज परिषदेच्या पतनाबद्दलचं आहे. कमी कमाईच्या गिल्डांची नाराजी, परिषदेत पडलेली फूट, बाहेरच्या सत्तेने अकिबाच्या राजकारणात घातलेला हात. राक्षसांशी लढण्याची दृश्यं त्यात आहेतच, पण बराच वेळ माणसं बैठकांत बसून कमाईच्या वाटपावर वाद घालतात. कित्येक प्रेक्षकांना ते कंटाळवाणं वाटलं. तोउनोंनी २०१० मध्ये जी गोष्ट सांगायला घेतली होती, ती मात्र हीच होती.