एक मिनिटही न खेळलेले अकरा

विश्वचषक संपला की स्पर्धेचा सर्वोत्तम संघ सगळेच निवडतात. पुण्यात कॅम्प-खडकीकडच्या जुन्या फुटबॉलवेड्यांबरोबर बसलात तर आणखी एक संघ निवडला जातो आणि वाद त्याच्यावरच जास्त रंगतो. अट एकच. खेळाडू स्पर्धेच्या अधिकृत चमूत असला पाहिजे आणि त्या स्पर्धेत त्याला एक मिनिटही मैदानावर मिळालेलं नसलं पाहिजे. आधी खेळला असेल, पुढे गाजला असेल, हरकत नाही. त्या महिन्यात मात्र नाही.

असा संघ उभा करणं दर चार वर्षांनी अवघड होत चाललंय. १९६२ च्या स्पर्धेतून निवडायला बसलं तर मोठी नावं अकरात मावत नाहीत. २०२२ च्या जेत्या अर्जेंटिनाकडे पाहिलं तर हाती लागतात फक्त दोन गोलरक्षक, फ्रँको आर्मानी आणि जेरोनिमो रुली. बाकीचे २४ जण थोडेफार का होईना, खेळलेच. हा फरक पडला नियमांमुळे. किती जण न्यायचे, किती बदलायचे आणि पदक कोणाला द्यायचं, हे नियम बदलत गेले आणि बाकावरच्या माणसाचं नशीबही बदलत गेलं.

१९६६ पर्यंतच्या विश्वचषकात सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलण्याची सोयच नव्हती. २२ जण न्यायचे, त्यातले अकरा उतरवायचे, कोणी जखमी झाला तर दहा जणांनी रेटायचं. सूर लागलेला संघ प्रशिक्षक मोडत नसे. त्यामुळे पहिल्या सामन्याच्या अकरात नाव नसलेल्याला वाट पाहायची ती कोणाच्या तरी दुखापतीची.

याचं टोक म्हणजे १९६२ चा ब्राझील. चिलीतल्या त्या स्पर्धेत ब्राझील सहा सामने खेळला, विश्वविजेता झाला, आणि एवढ्या सगळ्यासाठी त्यांना लागले बारा खेळाडू. बाराच! दुसऱ्या सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पेले जखमी झाला. बदली नाही, म्हणून तो लंगडत मैदानातच राहिला. पुढच्या सामन्यापासून त्याच्या जागी अमारिल्दो आला. एवढाच काय तो बदल. उरलेले दहा जण स्पर्धाभर पाहत बसले.

ते दहा जण कोण होते, इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. एक बेलिनी. १९५८ मध्ये स्टॉकहोमला चषक उंचावणारा कर्णधार तो हाच. चार वर्षांनी त्याची जागा घेतली माउरोने, कर्णधारपदही माउरोकडे गेलं आणि चषकही माउरोनेच उंचावला. आता १९५८ ची यादी काढा. त्यात माउरो आहे आणि त्याची मिनिटं शून्य! १९६२ च्या बचावात माउरोचा जोडीदार होता झोझिमो, तोही १९५८ मध्ये शून्यावर. चार वर्षांत पाटाची अदलाबदल झाली. दोन्ही वेळा ब्राझीलच जिंकला, म्हणून ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

सांतोस क्लबची गोष्ट याहून चटका लावणारी. साठीच्या दशकातली त्यांची आघाडीची फळी जाणकारांना तोंडपाठ असते: दोर्वाल, मेंगाल्वियो, कुटिन्हो, पेले, पेपे. या पाचांतले चार जण १९६२ च्या चमूत होते. खेळला एकटा पेले, तोही दोन सामने. पेपेचं दुर्दैव तर दुहेरी. सांतोससाठी ४०५ गोल, क्लबच्या इतिहासात पेलेच्या खालोखाल. १९५८ आणि १९६२, दोन्ही वेळा चमूत निवड, दोन्ही वेळा ऐन स्पर्धेच्या तोंडावर दुखापत, दोन्ही वेळा डाव्या बगलेवर झागालो. दोन विश्वविजेत्या संघांचा सदस्य असलेला हा माणूस विश्वचषकाचा एकही सामना खेळला नाही. पंगतीला मानाने बसवलं, पण पानात काही वाढलंच नाही, असं दोनदा झालं.

त्याच स्पर्धेत स्पेनच्या चमूत आल्फ्रेडो डी स्टेफानो होता. रेआल माद्रिदने १९५६ ते १९६० सलग पाच युरोपियन चषक (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकले आणि पाचही अंतिम सामन्यांत याने गोल केले. वय ३५, स्नायूची दुखापत, स्पेन गटातच गारद. विश्वचषकात न खेळलेला सर्वांत मोठा खेळाडू कोण, या प्रश्नावर पुष्कळ जण त्याचंच नाव घेतात आणि माझंही मत तेच आहे.

१९६६ च्या इंग्लंडने पदकाचा प्रश्न पुढे आणला. २२ पैकी अंतिम सामना खेळले अकरा. जिमी ग्रीव्ह्जसारखे आणखी चौघे आधीच्या सामन्यांत उतरले होते. उरलेल्या सातांना, म्हणजे स्प्रिंगेट, बोनेटी, आर्मफिल्ड, बर्न, फ्लॉवर्स, हंटर आणि ईस्टहॅम यांना एक मिनिटही मिळालं नाही. यातला जॉर्ज ईस्टहॅम १९६२ च्या चमूतही होता आणि तेव्हाही खेळला नव्हता. मात्र १९६३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात त्याने जिंकलेल्या खटल्यामुळे, करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवण्याची क्लबांची पद्धत बरीच सैल झाली. मैदानाबाहेर त्याने खेळाडूंच्या पिढ्यांसाठी जे केलं, ते विश्वचषकाच्या पदकापेक्षा मला मोठं वाटतं.

तेव्हा पदकं फक्त अंतिम सामन्यातल्या अकरांना मिळत. म्हणजे ग्रीव्ह्ज तीन सामने खेळूनही रिकाम्या हाताने परतला. १९७८ पासून सगळ्या चमूला पदकं मिळू लागली आणि २००७ मध्ये फिफाने १९३० ते १९७४ मधल्या जेत्या संघांच्या उरलेल्या सदस्यांनाही ती द्यायचं ठरवलं. इंग्लंडच्या वंचितांना पदकं मिळाली जून २००९ मध्ये, पंतप्रधानांच्या निवासस्थानी, त्रेचाळीस वर्षांनी. फार उशीर केला. चमूतला माणूस सरावात रोज घाम गाळतो, पहिल्या अकरांना तयार करतो. तो जेता नाही, असं म्हणणारा नियम पहिल्या दिवसापासून चुकीचाच होता.

१९७० मध्ये मेक्सिकोत दोन बदलींची मुभा आली. सलामीच्याच सामन्यात, ३१ मे रोजी, सोव्हिएत संघाचा अनातोली पुझाच मध्यंतरानंतर उतरला. विश्वचषकातला तो पहिला बदली खेळाडू. त्याच स्पर्धेत ब्राझीलच्या चमूत दारियो नावाचा आघाडीपटू होता. तो संघात हवा असा खुद्द राष्ट्राध्यक्ष जनरल मेदिसी यांचा आग्रह होता. आधीच्या प्रशिक्षकाने, साल्दान्याने, हे मानलं नाही. त्याला पदावरून जावं लागलं, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. नवा प्रशिक्षक झागालो, तोच पेपेच्या जागी खेळलेला. त्याने दारियोला मेक्सिकोला नेलं आणि एक मिनिटही खेळवलं नाही. हुकूमशहाचा शब्दही राहिला, संघही आपल्या मनाचा राहिला. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यातल्या दोन्ही चमूंत एकेक गोलरक्षक असा होता, ज्याचा काळ अजून यायचा होता: ब्राझीलचा लेआव आणि इटलीचा डिनो झोफ. झोफने बारा वर्षांनी, चाळिशीत, कर्णधार म्हणून चषक उचलला.

झोफच्या त्या १९८२ च्या इटलीत २२ वर्षांचा फ्रँको बारेसी होता आणि डॅनिएल मासारो होता. दोघेही न खेळता विश्वविजेते. बारा वर्षं पुढे या. १७ जुलै १९९४, पासाडेना, ब्राझीलविरुद्ध अंतिम सामना. बारेसी आता कर्णधार. गुडघ्याची शस्त्रक्रिया करून साडेतीन आठवड्यांत परतलेला. १२० मिनिटं तो अप्रतिम खेळला. गोल नाही, पेनल्टी शूटआउट. पहिली किक बारेसीची, चेंडू आडव्या दांडीवरून वर. चौथी मासारोची, तफारेलने अडवली. लोकांच्या लक्षात राहिली ती शेवटची, रोबेर्टो बाजिओची. पण इटलीच्या हुकलेल्या तीन किकपैकी दोन मारणाऱ्यांकडे विश्वविजेतेपदाचं पदक आधीपासून होतं, आणि ते त्यांना मैदानात पाऊल न ठेवता मिळालं होतं. त्याच दिवशी ब्राझीलच्या २२ जणांत १७ वर्षांचा रोनाल्डो होता. स्पर्धाभर शून्य मिनिटं. पुढे विश्वचषकात १५ गोल, त्यातले आठ २००२ मध्ये. संघाचा तांत्रिक समन्वयक होता, पुन्हा, झागालो.

या १९८२ आणि १९९४ च्या मधे १९८६ च्या अर्जेंटिनाचा पासारेला येतो. १९७८ चा विजेता कर्णधार मेक्सिकोत पोटाच्या विकाराने आडवा झाला आणि एकही सामना खेळला नाही. त्याच्या जागी उतरलेल्या होजे लुईस ब्राऊनकडे त्या वेळी क्लबसुद्धा नव्हता. अंतिम सामन्यातला पहिला गोल ब्राऊनने केला. ते एक पदक धरून पासारेला आजही दोन विश्वविजेतेपदं असलेला एकमेव अर्जेंटिनी खेळाडू आहे.

युरो १९९६ चा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतला, एक प्रसंग विश्वचषकाबाहेरचा असला तरी सोडवत नाही. जखमी आणि निलंबित खेळाडूंमुळे जर्मनीकडे माणसंच उरेनात. राखीव गोलरक्षक ऑलिव्हर कान आणि ऑलिव्हर रेक यांच्यासाठी मैदानी खेळाडूंचे पांढरे शर्ट नावं घालून तयार ठेवले गेले. अंतिम सामन्यासाठी खास परवानगी काढून येन्स टॉटला सुट्टीवरून बोलावलं. तिघांपैकी कोणीही खेळलं नाही. कान १९९४ आणि १९९८ च्या विश्वचषकांतही नुसता बसून होता. २००२ मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल त्याला मिळाला. हा मान मिळालेला तो एकमेव गोलरक्षक.

त्यानंतरचा इतिहास झपाट्याने संपतो. १९९८ पासून तीन बदली, २००२ पासून २३ जणांचा चमू. २००६ मध्ये इटलीचा प्रशिक्षक लिप्पी सगळ्या मैदानी खेळाडूंना उतरवून जिंकला. शून्यावर राहिले पेरुझी आणि अमेलिया, दोघेही गोलरक्षक. २०१४ मध्ये प्रशिक्षक व्हान गालच्या नेदरलँड्सने २३ च्या २३ खेळवले. शेवटचा उरलेला गोलरक्षक व्होर्म तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी आत आला. त्याच वर्षी जिंकलेल्या जर्मनीचे पाच जण न खेळता परतले: झिलर, वायडनफेलर, डुर्म, ग्रॉसक्रॉइट्स, गिंटर. जेत्यांमध्ये एवढी मोठी संख्या त्यानंतर दिसली नाही. २०१८ च्या फ्रान्सकडून मिळतात अरेओला आणि आदिल रामी. रामीच्या मिशीला हात लावणं हा सहकाऱ्यांचा शुभशकुन झाला होता, इतका तो संघात मुरलेला होता. २०२० च्या कोरोनाकाळात तात्पुरत्या म्हणून आलेल्या पाच बदली कायम झाल्या. २०२२ मध्ये चमू २६ चा झाला आणि ब्राझीलने गोलरक्षक वेव्हर्टनला दक्षिण कोरियाविरुद्ध शेवटची दहाएक मिनिटं देऊन सगळे २६ वापरले.

२०२६ साठी ४८ संघ, प्रत्येकी कमाल २६, म्हणजे १,२४८ जण. आकडा प्रचंड आहे, पण प्रत्येक चमूत तीन गोलरक्षक सक्तीचे असल्यामुळे शून्य मिनिटांची यादी मुख्यतः त्यांचीच राहणार.

आपल्याकडे कबड्डीत बारांचा संघ आणि सात मैदानात ही पद्धत अंगवळणी पडलेली आहे. १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकातला सुनील वॉल्सन, चौदा जणांतला न खेळलेला एकमेव, हाही ठाऊक असतो. फुटबॉलमध्ये राखीव माणसाची किंमत किती, हे मात्र जानेवारी २०२२ मध्ये फार वाईट रीतीने कळलं. महिलांचा आशियाई चषक भारतात होता. नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यातलं आपलं बालेवाडी. उपांत्य सामने बालेवाडीत झाले. भारतीय मुली पहिला सामना इराणशी बरोबरीत खेळल्या आणि मग चमूत कोरोना पसरला. नियमाप्रमाणे किमान तेरा जणी उपलब्ध हव्या होत्या. २३ मधून तेवढ्याही उभ्या राहिनात. चायनीज तैपेईविरुद्धचा सामना झाला नाही आणि घरच्या स्पर्धेतून संघ बाद धरला गेला. ज्यांना त्या स्पर्धेत अजून संधीच मिळाली नव्हती, त्यांचीही स्पर्धा तिथेच संपली.

स्थानिक लीगचा सामना पाहायला गेलात तर एकदा गोलपोस्टच्या मागे नजर टाका. बिब घातलेली तीन-चार पोरं पळत असतात, शिनगार्ड पुन्हा पुन्हा वर ओढतात, प्रशिक्षकाने मान वळवली की पळण्याचा वेग वाढवतात. माझ्या संघाची निवड मी त्यांच्याकडे पाहून करतो. नुसती नावं मोठी आहेत म्हणून नाही, तर त्या महिन्यात तो उतरला असता तर काय झालं असतं, या हिशेबाने.

गोलरक्षक कान, १९९८ चा. उजवीकडे आर्मफिल्ड. डावीकडे जेरी बर्न. १९६५ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच गळपट्टीचं हाड मोडलं असताना तो १२० मिनिटं खेळला, कारण बदली नव्हती. मध्ये बेलिनी आणि पासारेला. इथे बारेसीवरून माझ्याशी भांडणारे खूप भेटतात, पण १९८२ चा बारेसी अजून शिकत होता. मधल्या फळीत मेंगाल्वियो आणि ईस्टहॅम. उजव्या बगलेवर १९६२ च्या ब्राझीलचा जाइर दा कोस्टा, ज्याच्या गोलवर इंटर मिलानने १९६५ चा युरोपियन चषक जिंकला. डावीकडे पेपे. पुढे डी स्टेफानो.

जखमींना धरायचं का, हा आक्षेप नेहमीचा. धरायचंच. पेपे, डी स्टेफानो, पासारेला हे यादीत होते आणि महिनाभर खेळण्याची आशा धरून होते. राहता राहिली आघाडीची दुसरी जागा. सगळे रोनाल्डोचं नाव पुढे करतात, ते पुढचे १५ गोल आठवून. १९९४ च्या त्या महिन्यात तो सतरा वर्षांचा होता आणि ब्राझीलसाठी नवखा होता. १९६२ च्या जूनमध्ये कुटिन्हो एकोणीस वर्षांचा होता आणि पेलेबरोबर भिंत पास (चेंडू देऊन पुढे पळत लगेच परत घेणं) खेळत सांतोसला गोलांवर गोल करून देत होता. जागा कुटिन्होची.