पात्याला पाणी देताना

घरी घडवलेल्या सुऱ्या बहुतेक वेळा पाणी देतानाच, म्हणजे तापवलेले पाते झटक्यात निववून कडक करतानाच, वाया जातात, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पाते गरजेपेक्षा जास्त तापवणे. लहान गॅसभट्टीच्या आत तापमान सहज ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. साध्या कार्बन पोलादाला हवे असतात ८०० ते ८३० अंश. म्हणजे हवे ते तापमान वाटेत लागते आणि बघता बघता मागे पडते. पाते तिथे थांबवता येणे हेच या कामातले खरे कसब.

थंड पोलादात लोहाच्या अणूंची रचना अशी असते की त्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. तो लोहाशी संयोग करून वेगळ्या, कडक थरांत बसलेला असतो. सुमारे ७२७ अंशांवर ही रचना बदलू लागते. नव्या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात, आणि तिच्यात कार्बन विरघळतो. पाते सावकाश निवले तर कार्बन पुन्हा आपल्या थरांत जाऊन बसतो. झटक्यात निवले तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही; तो अडकून पडतो आणि अणूंची चौकट ताणली जाते. ही ताणलेली रचना म्हणजे मार्टेन्साइट. जर्मन धातुतज्ज्ञ अडॉल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) यांच्यावरून हे नाव पडले. ऑस्टेनाइटच्या तुलनेत मार्टेन्साइटचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी जास्त असते. पात्याला पीळ पडतो किंवा तडा जातो तो याच फुगण्यामुळे.

पोलाद कोणते आहे हे माहीत नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे. पहिल्या पात्यासाठी ०.७५ ते ०.८५ टक्के कार्बनचे साधे पोलाद घ्यावे: १०८४ किंवा ईएन ४२जे या जातीचे. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. ते कितीही तापवून बुडवले तरी सुरीइतके कडक होत नाही. भंगारातला ट्रकचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) स्वस्त मिळतो आणि कोयत्यासाठी उत्तमही असतो, पण शिकण्यासाठी तो घेऊ नये. वर्षानुवर्षे वाकून त्यात न दिसणाऱ्या बारीक भेगा पडलेल्या असू शकतात. शिवाय पाट्यांच्या सिलिकॉन-मँगनीज जातींना सुमारे ९०० अंश लागतात, त्यामुळे खाली दिलेली चुंबकाची खूण त्यांना लागू पडत नाही.

पाणी देण्याआधी धार लावू नये. धारेच्या कडेला ०.८ ते १ मिलिमीटर जाडी ठेवावी. मुठीच्या रिव्हेटची भोके आधीच पाडून घ्यावीत, नंतर ड्रिल लागत नाही. कानशीचे आडवे ओरखडे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून काढावेत. तडा नेहमी अशाच ओरखड्यापासून किंवा टोकदार कोपऱ्यापासून सुरू होतो.

हातोड्याखाली घडवलेल्या पात्यात पोलादाचे स्फटिककण मोठे झालेले असतात आणि ताणही साठलेला असतो. हे दोन्ही घालवण्यासाठी नॉर्मलायझिंग करतात. पाते तीनदा तापवायचे: पहिल्यांदा सुमारे ८७०, मग ८१५, मग ७६० अंशांपर्यंत. दर वेळी बाहेर काढून, वारा न लागू देता, पार काळे पडेपर्यंत हवेत निवू द्यायचे. याचा उपयोग पटत नसेल तर त्याच पोलादाचे दोन तुकडे घ्या. एक पिवळाधमक होईपर्यंत तापवून तेलात बुडवा, दुसरा नॉर्मलायझिंग करून योग्य तापमानाला बुडवा. कापडात गुंडाळून, चष्मा लावून दोन्ही मोडा. पहिल्याचा मोड, म्हणजे तुटलेली बाजू, साखरेसारखा चमचमता, खरखरीत दिसेल. दुसऱ्याचा राखाडी, मखमलीसारखा. साखरेसारख्या कणांची सुरी ओट्यावरून पडली तरी टवका उडतो.

भट्टी मोठी नको. पोकळ सिलिंडरमध्ये २५ मिलिमीटर सिरॅमिक वूलचा (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचा) थर, त्यावर रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे आगीत टिकणाऱ्या मसाल्याचा, लेप आणि एक बर्नर एवढ्यात आठ इंची पाते होते. उघडे वूल वापरू नये, त्याची धूळ फुप्फुसात जाते. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबच देतो, तेव्हा बर्नरसाठी हाय-प्रेशर रेग्युलेटर लागतो. ज्वाळेसमोर थेट धरले तर टोक आणि धार आधी तापतात, पाठ मागे राहते. यावर साधा उपाय आहे: भट्टीत लोखंडी पाइपचा तुकडा आडवा ठेवायचा आणि पाते त्याच्या आत तापवायचे. पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नको. त्यावरच्या जस्ताचा धूर विषारी असतो. भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून बंद खोलीत हे काम करूच नये.

आता मुख्य क्षण. जागा सावलीची हवी, भर उन्हात रंग फसवतो. पाते लाल होत जाते आणि एका टप्प्यावर त्या लालीत गडद सावल्या सरकताना दिसतात. रचना बदलताना पोलाद उष्णता शोषून घेते, म्हणून तेवढा भाग क्षणभर मंद दिसतो. सावल्या पाठीकडे सरकत नाहीशा झाल्या की पाते जवळजवळ तयार आहे. याच सुमारास ते लोहचुंबकाला चिकटेनासे होते. पण चुंबक सुटताच बुडवण्याची घाई नको. अजून थोडा उजाळा यावा लागतो. मीठ ८०१ अंशांना वितळते. त्याच जाडीच्या तुकड्यावर मिठाची चिमूट टाकून, ते पाण्यासारखे पसरताना पोलादाचा रंग कसा दिसतो हे डोळ्यांत भरून घ्या. पात्याला तो रंग आला की दोनतीन मिनिटे तिथेच टिकवायचा. तापमान वर जाऊ लागले तर पाते पाइपच्या तोंडाशी ओढा, गॅस कमी करा.

शब्द ‘पाणी देणे’ असला तरी या पोलादाला तेल बरे. पाण्यात ते इतके झपाट्याने निवते की पातळ पात्याला तडा जाण्याची भीती असते. उभ्या लोखंडी डब्यात चार लिटर शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल, ५० ते ६० अंशांपर्यंत गरम केलेले. कोमट तेल पातळ होते, पात्याभोवतीची वाफ लवकर मोडते आणि उष्णता भराभर ओढली जाते. गाडीचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर घातक असतो. भट्टीतून तेलात जायला एक सेकंद, फार तर दोन. टोक खाली धरून सरळ आत, मग वर-खाली हलवत राहायचे. डावी-उजवीकडे हलवले तर एक बाजू आधी निवते आणि पाते वाकते. अर्धे बुडवून थांबलात तर भडका उडतो. डब्याचे घट्ट झाकण हाताशी असू द्या; पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नका. दहाएक सेकंदांनी बाहेर काढल्यावर, पाते अजून २०० अंशांच्या वर असेपर्यंत, जाड हातमोज्यांनी हलकेच सरळ करता येते. त्यानंतर जोर लावला तर ते काचेसारखे मोडते.

निवल्यावर धारेवर कानस फिरवा. ती चावली नाही, नुसती घसरली, तर पाणी बसले. वरचा पातळ थर मऊ लागू शकतो, कारण भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळतो. तो काढून पुन्हा तपासा.

टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पाते पुन्हा हलके तापवणे, लगेच, त्याच दिवशी. ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) २०० ते २०५ अंशांवर दोन तास, निववून पुन्हा दोन तास. ओटीजीचा काटा हेलकावे खातो, म्हणून वाळूच्या ट्रेमध्ये पाते पुरून शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून चमकवलेल्या पात्यावर फिकट गवती रंग येतो. निळा रंग, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, चिवटपणाची खूण समजला जातो. पण साधारण २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात हे पोलाद उलट ठिसूळ होते. स्वयंपाकघराच्या सुरीला तो रंग नकोच.

शेवटी धार लावून ती ६ मिलिमीटरच्या पितळी सळईवर हलकेच दाबून सरकवा. धार किंचित वाकून परत आली तर सुरी वापरायला घ्या. टवका उडाला तर तापमान १५ अंशांनी वाढवून पुन्हा टेंपरिंग करा. धार वाकून तशीच राहिली तर पाणी बसलेलेच नाही; मग नॉर्मलायझिंगपासून पुन्हा सुरुवात.