धातूंचे कॉम्प्लेक्स आणि सरकणारा विभव : पार्श्वभूमी

पितळेची वाटी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवली, तर वीज न जोडताही तिच्यावर काळपट, भुसभुशीत चांदी बसते आणि बोट फिरवले की निघून येते. जळगावसारख्या सोन्या-चांदीच्या पेठेत मुलाम्याचे काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. म्हणूनच मुलाम्याच्या टाकीत चांदी ठेवतात ती सायनाइडच्या कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे धातूच्या आयनाला दुसरे आयन किंवा रेणू बांधले गेलेल्या संयुगात. ही पद्धत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलतभावांच्या 1840च्या पेटंटपासून चालत आली. सायनाइडची मूळ युक्ती जॉन राइट या डॉक्टरची. साध्या चांदीच्या आयनाचा प्रमाण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या कलाचे माप, +0.80 व्होल्ट. सायनाइडने तोच आयन जखडला की विभव सुमारे −0.3 ते −0.4 व्होल्टपर्यंत उतरतो आणि वीज न जोडता पितळेवर बसण्याची त्याची ओढ कमी होते. तरीही वस्तू आधी लिटरला 1 ते 3 ग्रॅम चांदी आणि भरपूर मोकळे सायनाइड असलेल्या ‘स्ट्राइक’ (पहिला पातळ थर देणाऱ्या) टाकीत, वीज चालू ठेवूनच, सोडावी लागते. मुख्य टाकीत मोकळे सायनाइड घटले की चांदीचा अॅनोड काळा पडून विरघळेनासा होतो.

कारागिरांचे जमले होते, कारण मात्र मागाहून कळले. नेर्न्स्टचे समीकरण 1889चे, वेर्नरची कॉम्प्लेक्सच्या रचनेची मांडणी 1893ची. पण विभव किती सरकला यावरून कॉम्प्लेक्सचे सूत्र आणि स्थिरता काढायची सोय खऱ्या अर्थाने झाली ती पोलरोग्राफीमुळे, म्हणजे पाऱ्याच्या थेंबावर विभव बदलत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीमुळे. यारोस्लाव्ह हेयरोव्हस्की यांनी प्रागमध्ये 1922 साली केशनळीतून गळणाऱ्या पाऱ्याच्या थेंबावर पहिले मोजमाप केले. पुढे सहकारी शिकाता यांच्यासह त्यांनी वक्र आपोआप नोंदवणारे यंत्र बनवले, 1934मध्ये विसरणप्रवाहाचे (विसरणाने थेंबापर्यंत येणाऱ्या आयनांमुळे वाहणाऱ्या प्रवाहाचे) इल्कोव्हिच यांचे समीकरण आले आणि 1941मध्ये लिंगेन यांनी विभवाचे सरकणे लिगँडच्या (धातूला बांधल्या जाणाऱ्या आयनाच्या वा रेणूच्या) संहतीशी जोडले. 1959चे नोबेल हेयरोव्हस्कींना मिळाले.

कॅडमियम यासाठी आदर्श. कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (स्थिर विभवाच्या तुलना-इलेक्ट्रोडच्या) तुलनेत त्याचा अर्ध-तरंग विभव (प्रवाहाचा चढ, म्हणजे तरंग, निम्म्यावर येतो तो विभव) पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे −0.60 व्होल्ट, अमोनियात −0.81, सायनाइडमध्ये −1.18. तांबे अमोनियात दोन पायऱ्या दाखवते, कारण अमोनिया मधल्या एकसंयुजी तांब्यालाही धरून ठेवतो.

लिंगेनचा आलेख (लिगँडच्या संहतीच्या लॉगसमोर अर्ध-तरंग विभव) दिसतो सरळ, पण खानदेशातल्या उन्हाळ्यात तो फसवतो. वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत मे महिन्यात द्रावण सहज 40 अंशांवर जाते. विसरणप्रवाह दर अंशाला साधारण दीड टक्क्याने वाढतो, म्हणजे 25 अंशांच्या मानाने वीस टक्क्यांहून जास्त. चार लिगँड आणि दोन इलेक्ट्रॉन असतील, तर लिगँड दहापट केल्यावर 25 अंशांना 118 मिलिव्होल्ट सरकणे अपेक्षित. 40 अंशांना 124. पुस्तकातला 25 अंशांचा 59 मिलिव्होल्टचा आकडा डोळे झाकून वापरला की लिगँडची संख्या 4.2 येते आणि मग नको ती मिश्र कॉम्प्लेक्सची स्पष्टीकरणे सुरू होतात. पाणकुंड वापरा, नाहीतर तापमान मोजून उतार बदला.

कॅडमियम 0.5 मिलिमोलर, पोटॅशियम नायट्रेट 1 मोलर, जिलेटिन 0.005 टक्के ही सोयीची मात्रा. आधार-विद्युत अपघट्य (वीज वाहून नेण्यासाठी घातलेला क्षार) म्हणून क्लोराइड नको, ते स्वतःच कॅडमियमला धरते. जिलेटिन जास्त झाले तर तरंगच दबतो. नायट्रोजन 10 ते 15 मिनिटे सोडावा. विरघळलेला ऑक्सिजन आपले दोन तरंग घुसडतो. परक्लोरेट वापरायचे असेल, तर कॅलोमेलमधल्या पोटॅशियम क्लोराइडशी गाठ पडून पोटॅशियम परक्लोरेटचा साका बसतो, दोन द्रावणांमधला सांधा तुंबतो आणि वाचन थरथरते. तेव्हा कॅलोमेलमध्ये सोडियम क्लोराइड भरावे.

सर्वात महाग पडणारी चूक मात्र ग्लायसीनसारख्या लिगँडची. बाटलीत टाकलेली संहती सरळ समीकरणात घालतात. ग्लायसीनच्या अमोनियम गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो) 9.8च्या आसपास, पीएच 8ला जेमतेम दीड टक्का ग्लायसीन धातूला बांधायला मोकळे असते. दोन लिगँड बांधले जात असतील, तर स्थिरांक हजारो पटींनी चुकतो, आणि आलेख तरीही छान सरळ येतो!

शिवाय तरंग प्रत्यावर्ती (अभिक्रिया दोन्ही दिशांनी झटपट होणारा) आहे का, हे आधी पाहावे: लॉग आलेखाचा (तरंगावरच्या प्रवाहांच्या गुणोत्तराच्या लॉगसमोर विभव) उतार दोन इलेक्ट्रॉनांसाठी 30 मिलिव्होल्टच्या आसपास हवा. निकेल, कोबाल्ट इथेच गळतात.

पाऱ्याच्या विषारीपणामुळे आता ग्लासी कार्बन आणि 2000 साली आलेला बिस्मथ-फिल्म इलेक्ट्रोड वापरात आहेत. पण पाऱ्यात कॅडमियम अमाल्गम होऊन विरघळते, कार्बनवर त्याचा घन थर बसतो. त्यामुळे जुन्या प्रात्यक्षिक-पुस्तिकेतला लॉग आलेख कार्बनवरच्या वक्राला जसाच्या तसा लावता येत नाही.