हॅपी माणूस आणि चिअरफुल माणूस

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले एक काका गेले. मुलगी अमेरिकेत. तिकडच्या नातवंडांना वाचता यावा म्हणून श्रद्धांजलीचा मजकूर इंग्रजीतही हवा होता, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, 'ही वॉज अ हॅपी मॅन.' काकूंनी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाल्या, "हॅपी कुठले रे? ८२च्या संपात मिल गेली, मग दोन ॲटॅक, धाकटा हाताशी आला आणि गेला. हसतमुख होते म्हण."

इंग्रजीत हसतमुखाला अगदी नेमका शब्द आहे, चिअरफुल. शब्दकोशात हॅपी आणि चिअरफुल दोन्हींपुढे 'आनंदी' छापलेलं असतं, म्हणून घोटाळा होतो. मुळात एक शब्द नशिबाचा आहे आणि दुसरा तोंडाचा.

तोंडाचा आधी. जुन्या फ्रेंचमध्ये 'शिएर' म्हणजे चेहरा. तोच इंग्रजीत येऊन 'चिअर' झाला. त्याचा लॅटिन पूर्वज 'कारा' आजही स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये चेहरा याच अर्थाने नांदतो. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या माणसांना विचारा. (आपला 'चेहरा' फारसीतून आलेला, त्याचं याच्याशी नातं नाही. कानाला जवळचा वाटतो इतकंच.) गंमत म्हणजे सुरुवातीला चिअर आनंदी असायलाच हवा असं नव्हतं. चेहरा पडलेला असला तरी तो चिअरच. म्हणून १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये 'बी ऑफ गुड चिअर' असं म्हणावं लागतं. 'गुड' वेगळं लावल्याशिवाय भागत नव्हतं. पुढे चांगला चेहरा तेवढा शब्दात उरला, वाईट गळून गेला. तरी 'चिअर अप'चं मराठी करून बघा. 'आनंदी हो' हे भाषांतर झालं. आपण प्रत्यक्षात म्हणतो, 'तोंड पाडून बसू नकोस.' शब्द फिरून मूळ घरी येतो.

हॅपीची गोष्ट वेगळी. 'हॅप' म्हणजे योगायोग, नशीब. 'हॅपन', 'परहॅप्स', 'मिसहॅप' ही सगळी त्याचीच भावंडं. हॅपी माणूस म्हणजे आधी नशीबवान. सुखी हा अर्थ मागाहून आला. जर्मनमध्ये तर 'ग्ल्यूक' हा एकच शब्द नशिबालाही चालतो आणि सुखालाही. इंग्रजीत तो जुना अर्थ 'हॅपी ॲक्सिडेंट'मध्ये शिल्लक आहे. तिथे अपघाताला काही आनंद झालेला नसतो, तो आपल्या पथ्यावर पडलेला असतो.

म्हणजे काकूंचं बरोबर होतं. नशिबाने काकांना फारसं काही दिलं नव्हतं. चेहरा त्यांचा स्वतःचा होता.

रोजच्या वापरात हा फरक जागोजागी दिसतो. साहेबांनी मेलमध्ये 'आय ॲम नॉट हॅपी विथ धिस' लिहिलं तर ते दुःखात नसतात. काम पसंत पडलेलं नाही, एवढंच. 'हॅपी टु हेल्प' म्हणजे मदतीची तयारी. या दोन्ही ठिकाणी चिअरफुल घालून पाहा, वाक्य लंगडतं. उलट पिवळे पडदे, सकाळचं ऊन आलेली खोली, चुलीतला जाळ हे सगळं चिअरफुल असतं, कारण निर्जीव वस्तूला सुख नसलं तरी रूप असतं. (जाहिरातवाले हल्ली 'हॅपी कलर्स' म्हणतात, ते सोडा.) आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कुणी म्हणालं, 'उद्या धो धो पाऊस आहे म्हणे,' तर इंग्रज तिरकसपणे म्हणेल, 'दॅट्स अ चिअरफुल थॉट.' आपण म्हणतो, शुभ बोल रे नाऱ्या.

चिअरी हा चिअरफुलचा उथळ भाऊ. लांबून हात हलवून खणखणीत 'गुड मॉर्निंग' घालणारा चिअरी, मग आत काही असो वा नसो. सकाळी सातला तो जरा जडच जातो. आणि ग्लॅड म्हणजे एखाद्या गोष्टीचं बरं वाटणं: पावसाची सर येण्याआधी वाळत घातलेले कपडे आत घेतले, ग्लॅड. तेवढ्यावर माणूस हॅपी ठरत नाही.

शेवटी मजकुरात 'अ चिअरफुल मॅन' गेलं. काकूंनी अर्थ विचारला, मी म्हटलं हसतमुख, मग त्यांनी मान हलवली. फोटोची मात्र पंचाईत झाली. त्यांच्या पिढीत कॅमेऱ्यासमोर सगळे ताठ आणि गंभीर बसायचे. घरभर शोधून एकही हसरा सापडला नाही, म्हणून पासपोर्टचाच लावला.